सोनाक्काच्या घराचं दार

"आत कुठून आलास?"

"हे बटण दाबून, महाराज."

"बटण दिसतंय मला. घरात कुठून आलास?"

"असं... पुढं. हा बाण दाबत राहायचा. माणूस आपोआप आत जातो."

बुवांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

"परत दाखव."

उपेंद्रनं परत दाखवलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक गुलाबी घर होतं. ते जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि एकदम सोफा दिसायला लागला.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदाही सोफाच आला.

मी तिथंच बसून मिरच्यांची देठं खुडत होतो. येरळेच्या काठावर वांजळवाडीचा आमचा हा मठ. मठ म्हणजे काय, एक समाधी, एक सभामंडप, स्वयंपाकघर आणि कोठी. एसटीच्या वर्कशॉपातनं निवृत्त झाल्यापासून मी इथं येऊन बसतो. भक्तिभावाचा माणूस मी नव्हे. घरी सून मला एका जागी बसू देत नाही, इथं बसू देतात, म्हणून येतो.

बुवांचं खरं नाव धोंडगीर. शाळा चौथीपर्यंत. फार बोलत नाहीत, त्यामुळं लोक त्यांना मोठे ज्ञानी समजतात. आहेतही, पण ते बोलत नाहीत म्हणून नव्हे.

उपेंद्र हा त्यांचा शिष्य. वय चौतीस. पुण्यात विमा कंपनीत साहेब होता. दोन वर्षांपूर्वी सगळं सोडून बुवांच्या पायाशी आला. सगळं म्हणजे लॅपटॉप सोडून सगळं.

आणि हे घर चाललं होतं सोनाक्कासाठी.

सोनाक्का मठात स्वयंपाक करते. सव्वीस वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा माहेरानंही तोंड फिरवलं, ती इथं आली आणि चुलीपुढं बसली ती बसलीच. झोपायची कोठीत, ज्वारीच्या पोत्यांच्या मधोमध. गेल्या थंडीत एक पोतं घसरून तिच्या पायावर आलं. महिनाभर लंगडत भाकऱ्या थापल्या बाईनं, हूं की चूं केलं नाही. तेव्हा बुवा म्हणाले, हिला आता स्वतःचं घर पाहिजे. कुणीतरी विटा दिल्या, कुणी पत्रे दिले. स्वयंपाकघराच्या मागची जागा ठरली.

उपेंद्र पुढं झाला. "नकाशा मी काढतो, महाराज. कॉम्प्युटरवर घर काढायचा प्रोग्राम असतो. शिकून घेतो."

"येतं का तुला?"

"येईल. त्यात अवघड काय आहे?"

तीन आठवडे तो त्या लॅपटॉपपुढून उठला नाही. काकडआरतीला डोळे लाल. पारायणात त्याची ओळ आली की म्हणायचा, "कुठं आलो आपण?" पण खरं सांगतो, पोरगा मनापासून करत होता. त्याला खरंच वाटत होतं की सोनाक्काला असं घर द्यावं की तिनं बघत राहावं.

आज मात्र थांबून चालणार नव्हतं. बाबालाल मिस्त्री आले होते. पंचक्रोशीत त्यांच्या हाताची भिंत कधी कलली नाही. पण त्यांना सवड आजचीच. उद्यापासून कराडकडं मोठ्या कामावर जायचे, ते पार पाडव्यानंतर परत. आज संध्याकाळपर्यंत जमिनीवर घर आखलं गेलं, तर त्यांची माणसं उद्या पाया खणणार. नाही आखलं, तर सोनाक्का आणखी चार महिने पोत्यांत.

"बघा महाराज," उपेंद्र म्हणाला, "हा फॉल्स सीलिंगचा पर्याय आहे. मी ठेवला नाही, पण आहे. पडदे सहा रंगात आहेत. हे बटण दाबलं की संध्याकाळ होते, हे दाबलं की सकाळ."

"ही कोण बसलीय?" बुवांनी सोफ्यावर बोट ठेवलं. तिथं एक गोरी बाई पायावर पाय टाकून पुस्तक वाचत होती.

"ती नमुन्याची बाई आहे. प्रोग्राममध्येच येते."

"आणि सोनाक्का?"

"आक्का यात कशा येतील, महाराज..."

बुवा हसले. माझ्याकडं बघून हसले, म्हणून मीही हसलो. उपेंद्रला ते आवडलं नाही.

"महाराज, मिस्त्रींना जे वर्षानुवर्षं हातानं करून कळतं, ते मला इथं बसून तीन आठवड्यांत कळलं. एक वीट न लावता. हे घर मी शंभर वेळा आतून फिरलोय. डोळे मिटून फिरेन."

बाबालाल मिस्त्री शेजारीच उभे होते. त्यांनी नुसतं खाकरलं.

"बरं," बुवा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल. मग जमिनीवर काढ."

आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या मागं गेलो, मी मिरच्यांची टोपली घेऊनच. बाबालालनी खुंट्या आणल्या होत्या, दोरी होती, आणि घमेल्यात फक्की होती. ही चुन्याची पांढरी भुकटी. घर बांधायच्या आधी गवंडी तिनं जमिनीवर रेघा मारतो, मग त्या रेघांवर पाया खणतात.

"पायाची फक्की मी सलग मारतो बुवा," बाबालाल म्हणाले. "दाराचं नंतर बघतो."

"आज तसं नको. भिंती मार. जिथं दार असेल तिथं मोकळं सोड. आम्हाला घर बघू दे."

असं म्हणून बुवा त्या मोकळ्या जागेच्या मधोमध गेले आणि खाली बसले. वहाणांसकट. म्हणाले, "माझ्याभोवतीनं काढा."

काम सुरू झालं. उपेंद्र लॅपटॉप हातावर धरून मापं ओरडायचा, बाबालाल दोरी ताणायचे आणि मुठीतनं फक्की सोडायचे. काय हात आहे त्या माणसाचा. रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही.

"पूर्वेची भिंत, चौदा फूट."

"चौदा."

"दक्षिणेची सोळा. त्यात खिडकी."

"खिडकी खाली दिसत न्हाई. पुढं."

"आत न्हाणीघर, चार बाय पाच. त्याला दार अडीच फूट."

बाबालालनी न्हाणीघराच्या रेघेत अडीच फूट मोकळं सोडलं.

"पश्चिमेची चौदा, सलग. उत्तरेची सोळा, सलग. झालं."

शेवटची रेघ ओढता ओढता बाबालाल थांबले. मागं वळून त्यांनी सगळं घर एकदा नजरेखालून घातलं. मग उपेंद्रकडं बघितलं. तोंड उघडलं...

बुवांनी चंची पुढं केली. "पान घे, मिस्त्री."

बाबालालनी पान तोंडात टाकलं. तोंड भरलं, आता बोलणार कसे? खाली वाकून त्यांनी राहिलेली तीन फूट रेघ पुरी केली.

उपेंद्र खूश. खरोखर खूश झाला होता तो. लॅपटॉप बगलेत मारून तो त्या घरात शिरला, इकडून तिकडं फिरला, बाहेर आला, परत आत गेला. "इथं ओटा. इथं आक्कांचा पलंग. इथून खिडकीतनं ऊन येणार." रेघा ओलांडताना त्याचं लक्षच नव्हतं. भिंत चालल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. भिंतीतून चालणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

मला कळलं होतं. बाबालालना कळलं होतं. मंडपातनं दोन-चार भजनी मंडळी बघायला आली, त्यांना पण कळलं, आणि एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. पण बुवा गप्प, म्हटल्यावर आम्ही गप्प.

"उन्हं डोक्यावर आली," बुवा म्हणाले. "मी इथंच जेवतो. नव्या घरात. सोनाक्काला ताट आणायला सांग."

सोनाक्का आली. हातात ताट. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा, आमटीची वाटी. पदर खोचलेला, कपाळावर पीठ. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. नकाशा तिला आजवर कुणी दाखवला नव्हता. मागं काहीतरी खुंट्या ठोकतायत, एवढंच तिला माहीत.

ती आली आणि रेघेपाशी थांबली.

"हे काय?"

"तुझं घर," बुवा आतून म्हणाले.

सोनाक्का खाली बघत राहिली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिची नजर गेली, मग तिसऱ्या, मग चौथ्या.

"एवढं?" ती म्हणाली.

"ताट आण. भूक लागलीय."

ती डावीकडं चालायला लागली. पूर्वेच्या भिंतीच्या कडेकडेनं गेली, कोपऱ्याला वळली. दक्षिणेच्या भिंतीनं गेली. वळली. पश्चिमेनं गेली. वळली. उत्तरेनं फिरून परत जिथून निघाली तिथं येऊन उभी राहिली.

"आक्का, द्या की इकडं," उपेंद्र आतून हात पुढं करून म्हणाला. "या सरळ आत."

"कुठनं येऊ?"

"असं या. ही फक्की आहे नुसती."

"फक्की कशी? माझ्या घराची भिंत हाय ती," सोनाक्का म्हणाली. "तिच्यावर पाय दिऊ व्हय?"

उपेंद्रनं खाली बघितलं. रेघेकडं बघितलं. मग गर्रकन फिरून चारही बाजू बघितल्या. त्यानं लॅपटॉप उघडला आणि त्यात डोकं खुपसलं...

"दार होतं," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "पहिल्या आठवड्यात दार होतं, महाराज. मी स्वतः लावलं होतं. मग खोली लहान वाटली म्हणून ती भिंत पुसली आणि दोन फूट बाहेर नवी ओढली. दार... दार जुन्या भिंतीत होतं."

"आणि तू आत कसा जात होतास?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"बाण दाबून."

भजनी मंडळींतला एक जण इतका वेळ हसू दाबून उभा होता, तो फुटला. त्याच्यामागं दुसरा. बाबालालनी पान थुंकलं आणि भिंतीसारखा ताठ राहणारा तो माणूस मांडीवर थाप मारून हसायला लागला. "न्हाणीला दार हाय," त्यांना धड बोलवत नव्हतं, "घराला न्हाई, पर न्हाणीला हाय."

उपेंद्रचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा लॅपटॉप आपटतो आणि पुण्याची गाडी धरतो. पण त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि तोही हसायला लागला. शंभर वेळा फिरलो म्हणाला होता ना, ते आठवलं असणार. चांगला पोरगा आहे. मी त्याला जरा जास्तच नावं ठेवत आलो होतो.

"महाराज, बाहेर या आधी. दार मी आत्ता टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"कसा येऊ? भिंत आहे."

"महाराज..."

"आणि भूक लागलीय."

उपेंद्रनं घाईनं लॅपटॉपवर दारांचं पान उघडलं. चौसष्ट प्रकारची दारं. काचेची, सरकती, कोरीव, दोन फळ्यांची. बोट त्यावरून वर-खाली फिरलं. मग त्यानं लॅपटॉप मिटला आणि जमिनीवर ठेवला.

"मिस्त्री, इथं करू या. पूर्वेला. समोरच स्वयंपाकघर, आक्कांना चार पावलांवर. सोयीचं होईल."

"व्हईल की," बाबालाल म्हणाले.

उपेंद्रनं रेघ पुसायला पाय उचलला.

बुवा सोनाक्काकडं बघत होते. सोनाक्का ताटाकडं बघत होती. तिला काही म्हणायचं असेल असं तोपर्यंत कुणाला वाटलं नव्हतं. मलासुद्धा नाही. सव्वीस वर्षांत तिला लोकांनी विचारलं ते एवढंच, की मीठ आहे का आणि झालं का.

उपेंद्रचा पाय तसाच राहिला. मग त्यानं तो मागं घेतला.

"आक्का..." तो म्हणाला. "दार कुठं पाहिजे तुम्हाला?"

"मला?"

"घर तुमचं आहे."

सोनाक्कानं बुवांकडं बघितलं. बुवांनी मान दुसरीकडं वळवली, समाधीच्या कळसाकडं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मिरच्यांकडं बघितलं. कुणी सांगणार नाही हे तिला कळलं.

ती परत चालायला लागली. आता सावकाश. पूर्वेच्या भिंतीपाशी थांबलीच नाही. दक्षिणेला जरा थबकली, नाक मुरडलं, पुढं गेली. पश्चिमेला आली. त्या बाजूला काही नाही. बांध आहे, हरभऱ्याचं रान आहे आणि लांब येरळेचं पात्र.

"हितं," ती म्हणाली.

"इकडं?" उपेंद्र म्हणाला. "आक्का, इकडं तर काहीच नाही. स्वयंपाकघर त्या बाजूला राहिलं. रोज वळसा पडेल."

"पडू दे. स्वैपाकघराकडं पाठ पायजे मला," सोनाक्का म्हणाली. "सव्वीस वर्सं त्येचंच त्वांड बघतिया मी."

बुवा जे हसायला लागले ते थांबेचनात. टोपी कलली, चष्मा सरकला, डोळ्यांतनं पाणी आलं. बाई बोलून गेली आणि मग घाबरली, पदर तोंडाला लावायला गेली, तर हातात ताट. तिला पदर सापडेना. तीही हसायला लागली. मी तिला आधी हसताना बघितलं असेल, पण एवढं मोठ्यानं नाही.

उपेंद्र गुडघ्यावर बसला. पायानं नाही, तळहातानं त्यानं ती रेघ पुसायला घेतली.

"तीन फूट," बाबालाल म्हणाले. "नेहमीचं माप."

"थांबा," सोनाक्का म्हणाली. आता तिला कंठ फुटला होता. तिनं ताट दोन्ही हातांत नीट धरलं, कोपरं बाहेर काढली आणि त्या पुसलेल्या जागेसमोर उभी राहिली. "ताट घिऊन जाताना कोपरं घासत्यात. त्या स्वैपाकघराच्या दारानं माझी कोपरं सोलून काढल्यात. वाईच वाढवा."

उपेंद्रनं आणखी पुसलं.

"आनि वाईच."

आणखी पुसलं. हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता त्याचा.

बाबालालनी टेप लावला. "चार फूट दोन इंच. एवढं दार तर सरपंचाच्या घराला न्हाई."

"नसू दे," सोनाक्का म्हणाली.

आणि ती आत गेली. पहिल्यांदा तीच गेली. उजवं पाऊल टाकून, दोन्ही कोपरं मोकळी ठेवून. कुठं लागलं नाही, घासलं नाही. आत गेल्यावर ती दोन पावलं चालून थांबली आणि वर बघायला लागली. वर आभाळ होतं, पण ती छप्पर बघावं तसं बघत होती. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मला फार बरं वाटलं. उगाच सांगत नाही, इतकं बरं मला माझ्या स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीलाही वाटलं नव्हतं.

उपेंद्र दाराशी तसाच गुडघ्यावर बसून होता. लॅपटॉप कुठं पडला होता कोण जाणे. तो पण रडत होता आणि हसत पण होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

सोनाक्कानं ताट बुवांपुढं ठेवलं. भाकरी गार झाली होती.

"जेवा म्हाराज."

बुवांनी ताटाकडं बघितलं. मग पायांतल्या वहाणांकडं बघितलं. जीभ चावली, वहाणा काढून हातात घेतल्या आणि उठले. घासाला हात न लावता ते त्या चार फूट दोन इंचांतून बाहेर गेले.

"महाराज, जेवण?" उपेंद्रनं विचारलं. "भूक लागलीय म्हणालात ना?"

बुवांनी बाहेर येऊन वहाणा भिंतीच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या. मागं वळले. दारात उभे राहिले, रेघेच्या अलीकडं, आणि डोईवरची टोपी सारखी केली. आत सोनाक्का एकटी उभी होती. तिला आपले हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

"बाई," बुवा म्हणाले, "आत येऊ का?"